दुधाची पिशवी आणि वेफर्सचं पाकीट

आमच्या घरातली दुधाची पिशवी आजवर कचऱ्याच्या डब्यात गेलेली नाही. आई ती कापायची तेव्हा कोपरा पूर्ण तुटू द्यायची नाही, टोकाला लोंबता ठेवायची. पिशवी उलटी करून धुवायची, खिडकीच्या गजाला चिमट्याने अडकवायची आणि वाळली की गादीखाली सरकवायची. महिन्या-दोन महिन्यांनी रद्दीवाला आला की वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागोमाग त्या पिशव्याही तराजूत जायच्या. त्यांचे पैसे येत, एवढंच कारण होतं. आई गेली. आता गजाला पिशव्या मी अडकवते, आणि आमच्या मजल्यावरच्या चारपैकी तीन घरांत त्या तशाच वाळत असतात.

पावसाळ्यात उधाणाची भरती ओसरली की मी माहीमच्या किनाऱ्यावर जाते. मिठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथून हा किनारा जवळ आहे. शहराने नाल्यांत ढकललेलं सगळं समुद्र इथे परत आणून टाकतो. गेल्या पावसाळ्यात एकदा तासभर खाली बघत चालले आणि काय पडलंय ते वहीत लिहीत गेले. वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, पानमसाल्याच्या पुड्या, बिस्किटांची वेष्टणं, पातळ पिशव्यांच्या चिंध्या, थर्माकोलचे तुकडे, चपला. बाटल्यांची झाकणं पुष्कळ होती, बाटल्या मात्र त्या मानाने थोड्याच. बाटली वाटेतच कुणीतरी उचलून पोत्यात टाकलेली असते. दुधाच्या पिशव्या तासाभरात मला दोन दिसल्या.

मुंबईत ज्या प्लास्टिकला भाव आहे त्याला हात लागतो. ज्याला भाव नाही ते गटारात, खाडीत आणि देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर जातं. सरकारचं धोरण मात्र गेली वीस वर्षं माणसाच्या सवयीवर बोट ठेवून बसलं आहे. भाव कुणी ठरवायचा आणि तो कुणाच्या खिशातून यायचा, या प्रश्नाला ते हात घालत नाही, आणि तिथेच ते फसतं असं माझं म्हणणं आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मी वांद्र्याहून माहीमपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले. पाणी उतरल्यावर तुंबलेल्या गटारांतून प्लास्टिकचे बोळे निघाले आणि राज्य सरकारने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मिठीच्या पात्रात पडलेला भराव, काठावरची बांधकामं, जुन्या पर्जन्यवाहिन्या हीही कारणं होती, आणि ती प्लास्टिकपेक्षा लहान नव्हती. पण पिशवी हाताशी होती आणि तिच्यावर कारवाई करणं सोपं होतं. तेव्हापासून आपली सगळी चर्चा पिशवीभोवतीच फिरत राहिली आहे.

२३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने आपल्याच २००६ च्या अविघटनशील कचरा कायद्याखाली प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत संपली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार रुपये, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आठवडा उलटायच्या आत किराणा दुकानदारांना पॅकिंगच्या जाड प्लास्टिकची सूट मिळाली, कारण त्यांची संघटना होती आणि तिने ती मागितली. आमच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या एका मावशींसमोर पथक उभं राहिलं, तेव्हा टोपलीतला सगळा माल विकूनही त्यांच्या हाती ५ हजार आले नसते. नंतर आठ-दहा दिवस त्या बाजारात दिसल्याच नाहीत.

पातळ पिशवी बंद व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती एकदा वापरून फाटते, उचलावी इतकं तिच्यात वजन नसतं, गाईगुरांच्या पोटात जाते. पण मार्चमध्ये बंदीची अधिसूचना निघाली त्याच सुमारास दिल्लीत काय घडलं, तेही लक्षात ठेवलं पाहिजे. २०१६ च्या केंद्रीय प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत एक मोलाची अट होती: ज्यावर पुनर्प्रक्रिया होऊ शकत नाही असं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं. ती दोन वर्षं मार्च २०१८ मध्येच संपत होती. २७ मार्च २०१८ ला, म्हणजे आपल्या बंदीच्या अधिसूचनेनंतर बरोबर चार दिवसांनी, त्या अटीत दुरुस्ती झाली. ‘पुनर्प्रक्रिया होऊ न शकणारं’ या शब्दांना ‘ऊर्जा मिळवता न येणारं’ आणि ‘दुसरा उपयोग नसलेलं’ अशी जोड मिळाली. प्लास्टिक मुळात तेलापासूनच होतं, ते जळतंच. सिमेंटच्या भट्टीत घातलं की ऊर्जा मिळाली असं म्हणता येतं. मग त्या अटीखाली बंद करण्यासारखं काही उरतच नाही.

बहुस्तरीय म्हणजे काय ते कळायला वेफर्सचं पाकीट फाडून आतून बघावं. चंदेरी दिसतो तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. त्याच्या बाहेरच्या बाजूला छपाई घेणारं एका जातीचं प्लास्टिक आणि आतल्या बाजूला उष्णतेने चिकटून पाकिटाचं तोंड बंद करणारं दुसरं. हवा, ओल, उजेड या तिन्हींना अडवणारी ही रचना आहे, म्हणूनच वेफर्स महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतात. पण एकदा चिकटवलेले हे थर परवडेल अशा रीतीने कुणाला वेगळे करता येत नाहीत.

याचा अर्थ धारावीतल्या ‘तेरा कंपाउंड’ या भंगाराच्या वस्तीत गेलं की डोळ्यांनी दिसतो. तिथल्या पोटमाळ्यांवर शहराचं प्लास्टिक हाताने निवडलं जातं. आधी जात बघायची, मग रंग. जात ओळखायला तुकडा वाकवून बघतात, नखाने वाजवून बघतात, कधी काडी ओढून वास घेतात, कधी पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो ते पाहतात. मग तो दळायचा, धुवायचा, पत्र्यावर वाळवायचा, वितळवून त्याच्या तारा ओढायच्या आणि कापून दाणा करायचा. त्या दाण्याच्या बादल्या होतात, खुर्च्या होतात, पाइप होतात. या सगळ्या खटाटोपाचा पाया एकच, एका जातीचं प्लास्टिक एका ढिगात. दुधाची पिशवी या कसोटीला उतरते. वेफर्सचं पाकीट उतरत नाही, कारण त्या एकाच पाकिटात दोन जातींचं प्लास्टिक आणि मधे ॲल्युमिनियम असं तिन्ही चिकटलेलं आहे. तेरा कंपाउंडातला कितीही वाकबगार हात त्याचं काही करू शकत नाही. ते कारखान्यातून निघतानाच कचरा म्हणून निघालेलं असतं.

त्यात वजनाचा हिशेब आहे. पाण्याची लिटरभराची बाटली साधारण वीस-पंचवीस ग्रॅमची, म्हणजे चाळीस-पन्नास बाटल्यांचा किलो होतो. शाम्पूची पुडी जेमतेम ग्रॅमभराची. तिचा किलो करायला हजारेक वेळा वाकावं लागेल, आणि तो किलो घेणारं कुणी नाही. सकाळी सहाला पोतं घेऊन निघालेली बाई अशा पुडीसाठी का वाकेल? ‘लोकांना शिस्त नाही’ असं म्हणणाऱ्यांना मला हे विचारायचं असतं. याच शहरातले, याच सवयींचे लोक रद्दी, बाटली, पत्रा, पुठ्ठा यांतला कण वाया जाऊ देत नाहीत.

गेल्या गणपतीपासून आमच्या इमारतीत आम्ही अशी पाकिटं आणि पुड्या वेगळ्या पोत्यात जमवू लागलो. मुलांनी उत्साहाने सुरुवात केली, मोठ्यांनी नेटाने चालू ठेवलं. पाच महिन्यांत पोतं तोंडापर्यंत भरलं. रद्दीवाल्याने ते उघडून पाहिलं, हात घालून वरखाली केलं आणि म्हणाला, “ताई, फुकट दिलंत तरी ठेवू कुठे? पुढे कोणी उचलत नाही.” कचरा वेगळा करा म्हणून आम्हाला सांगतात ते आम्ही केलं. वेगळा केलेला कचरा घेणारा पुढचा माणूसच व्यवस्थेत नाही.

तो असावा म्हणून कागदावर एक व्यवस्था आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने विस्तारित उत्पादक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाजारात जितकं वेष्टण आणाल तितक्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी तुमची, असं कंपन्यांना सांगितलं आणि २०२३-२४ पासून ती १०० टक्के केली. तत्त्व म्हणून मला हे मनापासून पटतं. अंमलबजावणीत मात्र कंपनीला स्वतःचं पाकीट गोळा करावं लागत नाही. प्रक्रिया करणाऱ्याकडून तेवढ्या वजनाचं प्रमाणपत्र विकत घेतलं की जबाबदारी संपली. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही प्रक्रियादारांनी मिळून सुमारे ६ लाख खोटी प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. मंडळाने ते शोधून काढलं हे चांगलंच झालं. पण जे प्लास्टिक कधी गोळाच झालं नाही त्याचे पैसे कुणीतरी दिले आणि कुणीतरी घेतले. ते पैसे आमच्या रद्दीवाल्यापर्यंत आले असते तर आमचं ते पोतं जिन्याखाली पडून राहिलं नसतं.

दुसऱ्या हाताने सरकारने भंगारावर कर वाढवला. १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. पाच टक्क्यांची जागा अठराने घेतली की हिशेबात धंदा करणाऱ्याचं अंग आखडतं आणि त्याची झळ उतरत उतरत वेचणाऱ्या बाईच्या किलोच्या भावावर येते. ज्या कामासाठी सरकारने पैसे द्यायला हवेत, त्या कामावरच कर.

मग करायचं काय? खरं तर योग्य वाट आपल्या राज्याने २०१८ मध्येच धरली होती. त्या बंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैशांची परतफेड छापायची तरतूद होती, पाण्याच्या बाटल्यांसाठीही तशीच. रिकामी पिशवी परत दिली की पैसे परत. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं की राज्यात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या वापरून टाकल्या जातात, म्हणजे ३१ टन प्लास्टिक. या आकड्यांवरून एक पिशवी साधारण तीन ग्रॅमची, किलोत तीनशेहून जास्त पिशव्या. ५० पैशांनी किलोला दीडशे रुपयांवर भाव गेला असता. एवढ्या भावाला राज्यातली एकही पिशवी रस्त्यावर दिसली नसती. पण परत घ्यायच्या कुणी, साठवायच्या कुठे, वाहतुकीचा खर्च कुणाचा, यावर घोडं अडलं आणि ती योजना उभी राहिलीच नाही.

त्या योजनेत एक उणीव होतीच. ज्या दोन वस्तूंना बाजारात आधीच भाव होता, त्यांनाच ती लावली होती. ज्यांना भाव नाही ती पाकिटं आणि पुड्या बाहेर राहिल्या. तरीही तत्त्व बरोबर होतं आणि ते आपल्याच देशात चालतं याचा दाखला आहे. निलगिरीच्या जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापत होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या दट्ट्याने तामिळनाडू सरकारच्या दुकानांनी २०२२ मध्ये तिथे बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायला सुरुवात केली. रिकामी बाटली आणून द्या, १० रुपये परत घ्या. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. पिणाऱ्यांना कुणी निसर्गप्रेमाचे धडे दिले नव्हते.

एक रुपयाच्या पुडीवर अशी अनामत चालणार नाही हे मला कळतं. पुडीपुरता मार्ग वेगळा हवा. कंपन्यांकडून वजनानुसार पैसे घेऊन त्यांतून प्रत्येक प्रभागात अशा पाकिटांना किलोचा किमान हमीभाव द्यावा. तो रद्दीवाल्याच्या दुकानावर आणि पालिकेच्या सुका कचरा केंद्रावर पाटीवर लिहिलेला असावा आणि तोलून जागच्या जागी मिळावा. भाव एवढा असावा की वेचणाऱ्या बाईला त्यासाठी वाकणं परवडेल. हे कंपन्यांना महाग पडेल. पडलं पाहिजे. तीन जातींच्या थरांचं पाकीट महाग झालं की एका जातीचं पाकीट कसं करायचं हे त्यांच्याच प्रयोगशाळा शोधून काढतील. आज तो खर्च पालिका नालेसफाईत भरते, कोळी जाळ्यात भरतात. माहीम कोळीवाड्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या होत्या की जाळं वर घेतलं की आधी कचरा वेचायचा, मग मासळी. त्यांच्या त्या वेळेची भरपाई कोणत्याच प्रमाणपत्रात नाही.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. पुडी ही गरिबाची सोय आहे. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला शाम्पूची बाटली एकदम घेता येत नाही, तिला एक रुपयाचीच पुडी परवडते. ती दीड रुपयाची झाली तर भार तिच्यावरच येईल. हे खरं आहे, म्हणूनच मी पुडीवर बंदी मागत नाही. पण सुटं विकण्याची सोय आपणच मोडली हेही खरं. वाण्याकडे बरणी घेऊन जायचं, मापाने माल घ्यायचा, ही आमच्या लहानपणची रोजची गोष्ट होती. खाद्यतेल सुटं विकायला भेसळीमुळे मनाई आहे आणि ती रास्त आहे. शाम्पू, कपड्यांचा साबण, फिनेल यांना तशी अडचण नाही. रेशनच्या दुकानांतून, महिला बचत गटांतून या वस्तू मापाने मिळाल्या तर त्याच बाईला एक रुपयात पुडीपेक्षा जास्त माल मिळेल, कारण पुडीच्या किमतीत वेष्टणाचाही खर्च असतो. असा प्रयोग मुंबईत मोठ्या प्रमाणावर करून पाहायला हवा.

दुसरी भीती मला स्वतःला वाटते. कचऱ्याला भाव आला की मोठी माणसं येतात. मॉलमध्ये चकचकीत यंत्रं बसतील, कंत्राटं निघतील आणि आजवर हे काम फुकटात, अंगावर जखमा झेलत करणाऱ्या बायकांना फाटकाबाहेर काढलं जाईल. त्या बायकांचं ऐकणाऱ्या संघटना इथे आहेत. स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ उपक्रमातून मुंबईत कचरावेचक बायकांना संघटित केलं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली, जी पुणे महापालिकेबरोबर काम करते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं होतं. हमीभावाची कोणतीही योजना या हातांतूनच गेली पाहिजे, ओळखपत्र आणि हातमोज्यांसकट. आणि धारावीच्या पुनर्विकासाच्या नकाशात तेरा कंपाउंडला जागा कुठे आहे, हा प्रश्न पर्यावरण खात्याने विचारला पाहिजे. तो धंदा शहराबाहेर ढकलला तर दुधाच्या पिशवीचाही भाव पडेल, आणि गजाला पिशव्या वाळत घालणाऱ्या घरांची सवय दोन वर्षांत मोडेल.

यासाठी दिल्लीकडे बघत बसायचं कारण नाही. बंदी आणि दंडासाठी वापरला तो २००६ चा कायदा राज्याचा आहे, परतफेडीची तरतूदही त्याच अधिसूचनेत होती. दंड लागू झाला आणि परतफेड राहून गेली, कारण दंड भाजीवालीकडून वसूल करायचा होता आणि परतफेडीची व्यवस्था उत्पादकांकडून उभी करून घ्यायची होती. गुन्हेगार शोधायचा म्हटला तर पातळ पिशवी फार अवघड आहे, तिच्यावर ना नाव ना गाव. किनाऱ्यावर उचललेल्या प्रत्येक पाकिटावर मात्र कंपनीचं नाव छापलेलं असतं, पत्ता असतो, तक्रारीसाठी फोन नंबरही असतो. आमच्या जिन्याखालच्या पोत्यातली पाकिटं आम्ही एका रविवारी नावांप्रमाणे वेगळी केली. दोन तास लागले. निम्म्याहून जास्त पाकिटं अवघ्या पाच-सहा कंपन्यांची निघाली.